एका ओळीचा परतीचा प्रवास

"आई, तुम्ही निवांत बसून गा. बाकी अख्खं जग फिरवायचं काम माझं!"

जावयाने हे वाक्य टाकलं तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत निळा रंग होता, कानाला तांबडा रंग होता, आणि चेहऱ्यावर अशी खात्री होती की पृथ्वी आजवर फिरतेय ती यानेच सकाळी किल्ली दिली म्हणून! सासूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं आणि म्हणाल्या, "फिरवा हो, जावईबापू. फक्त आधी कान धुवा."

हा जावई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढायचा. कुठली वाहिनी कुठून निघते, कुठे वळते, कुठल्या टाकीला जाऊन मिळते, हे त्याच्याइतकं नेटकं कुणाला जमत नसे. साहेब त्याच्या सरळ रेषेवर खूश असत. घरात मात्र त्या रेषेला कुणी विचारत नव्हतं, कारण घर होतं कळसूत्री बाहुल्यावाल्यांचं! सासरे बाहुल्या नाचवायचे, बायको बाहुल्या नाचवायची, सासूबाई गायच्या. आणि जावई? जावई पेट्या उचलायचा. लग्न झाल्यापासून पेट्याच उचलत होता बिचारा. एकदा त्याला एका बाहुलीची दोरी धरायला दिली होती, तर त्याने ती पाचच मिनिटांत प्रधानाच्या गळ्याभोवती गुंडाळली. तेव्हापासून पुन्हा पेट्याच.

या घराण्याचा खेळ एकच. एक लांबलचक काव्य होतं, तेवढंच ते वर्षानुवर्षं करत आले होते. तांब्याच्या नगरीच्या दुष्ट राजाने आपल्या राजाला बंदीखान्यात टाकलंय. राजपुत्र आईचा निरोप घेऊन निघतो, समुद्र ओलांडतो, राक्षसांचा मुलूख पार करतो, वाळवंट तुडवतो, तांब्याच्या नगरीत पोचतो आणि बापाला सोडवून आणतो. जाण्याचं वर्णन चांगलं दीड तासाचं. येण्याचं वर्णन एक ओळ: "बाप-लेक परतले, घर गाठले सुखरूप!" संपलं. टाळ्या!

आणि हे दूरदूरचे देश ही मंडळी दाखवायची कशी, तर एका निळ्या चादरीवर! चादर हलली की समुद्र. मध्ये काठी घालून उंच केली की डोंगर. बाहुल्या सगळ्या मिळून सात, त्यामुळे परदेशी माणसं आणायची कुठून? म्हणून प्रत्येक बाहुलीचा झगा दुहेरी शिवलेला. निळी बाजू वर असली की माणूस आपला, झगा उलटून लाल बाजू वर काढली की माणूस परका! राजपुत्राचा काका झगा उलटला की तांब्याच्या नगरीचा राजा व्हायचा. बघणाऱ्यांना हे तोंडपाठ होतं. त्यात कुणाला काही खटकलं नव्हतं. खटकलं ते आपल्या नकाशेवाल्याला!

पण खरं सांगायचं तर, त्याने रंगाचे डबे आणले ते चादर खटकली म्हणून नाही. कारण वेगळंच होतं.

वर्षभरापूर्वी सासूबाई मोठ्या दुखण्यातून उठल्या. हात-पाय सावरले, चालणं-बोलणं आलं, पण शब्द मधेच निसटायला लागले. काडेपेटी हवी असली की "अगं, ती दे... ती, डोक्याने पेटणारी" म्हणायच्या. शेजारीण समोर उभी असताना तिचं नाव आठवेना, म्हणून तिच्याशी अर्धा तास नुसत्या गोड बोलत राहिल्या. ते काव्य तर कुठे लिहिलेलंही नव्हतं! त्यांच्या आईकडून त्यांच्या तोंडी आलं होतं, आणि असलं तर तिथेच होतं. दुखण्यानंतर त्यांनी ते एकदाही गायलं नव्हतं.

मग ग्रंथालयाच्या बाई घरी आल्या. "रविवारी दुपारी मुलांसाठी खेळ कराल का?" सासरे काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "करू." बाई गेल्यावर त्यांनी सगळ्यांना बजावलं, "हे बघा, मला कुणी सांभाळून घ्यायचं नाही. आलं तर आलं. मधे अडले, तर पुन्हा गायला बसायची नाही. बाहुल्या पेटीत घाला आणि पेटीला कुलूप लावा."

त्या रात्री बायको उशीत तोंड खुपसून रडली. आणि जावयाच्या डोक्यात कल्पना चमकली! लांबच लांब कापड घ्यायचं, त्यावर क्रमाने सगळे देश रंगवायचे, दोन बाजूंना दोन रूळ लावायचे आणि बाहुल्यांच्या मागून ते कापड सरकवायचं. घर, समुद्र, राक्षसांचा मुलूख, वाळवंट, तांब्याची नगरी. आईंनी नुसतं मागे बघायचं, पुढचं आपोआप आठवेल! त्यांना सांगायचं मात्र नाही. विचारलंच तर म्हणायचं, सजावट आहे.

"अहो, पण तुम्हाला चित्रं काढता येतात?" बायकोने डोळे पुसत विचारलं.

"रोज काय काढतो मी कचेरीत?"

"नळ!"

"मग? नळ जमला त्याला राक्षस काय अवघड आहे?"

महिनाभर हा माणूस कचेरीतून आला की व्हरांड्यात गुडघ्यांवर. घरापासून सुरुवात केली. एक हात कापड रंगवलं, वाळलं, की ते रुळावर गुंडाळायचं आणि पुढचं घ्यायचं. शेवटी तांब्याची नगरी झाली, तीही गुंडाळली. घट्ट, सरळ, एक सुरकुती नाही! आता ज्याने कापडाच्या दुकानात एक दिवस जरी घालवलाय, तो इथे कपाळावर हात मारून घेईल. अहो, जे आधी गुंडाळलं ते गेलं ना तळाला! घर बसलं सगळ्यात आत, तांब्याची नगरी सगळ्यात वर. रूळ सोडला की पहिली निघणार नगरी, आणि घर निघणार शेवटी. नकाशेवाल्याच्या हे ध्यानीमनीही आलं नाही. सराव करून बघायला हवा होता, पण सराव केला असता तर गुपित फुटलं असतं. म्हणून त्याने नुसतं रूळ फिरवायच्या हँडलला तेल घातलं.

रविवार उजाडला. ग्रंथालयाची खालची खोली मुलांनी गच्च भरली. पहिल्या रांगेतली पोरं तर इतकी पुढे सरकली होती की मंचाला त्यांची नाकं लागत होती. सासूबाई मंचाच्या एका कडेला डफ घेऊन बसल्या. सासरे आणि बायको पडद्यामागच्या फळीवर, वरून दोऱ्या सोडून. दुसऱ्या कडेला खाली जावई, हँडल धरून. म्हणजे गंमत बघा, कापडावर पुढून काय दिसतंय ते फळीवरच्यांना दिसायची सोय नव्हती, आणि जावयाला दिसत होती कापडाची फक्त कड. दिसत होतं ते पोरांना, आणि समोरच्या कडेला बसलेल्या सासूबाईंना.

डफावर थाप पडली. जावयाने पहिला पट सोडला. फळीवरून राजपुत्र आणि त्याची आई उतरले. सासूबाईंचा आवाज लागला. थोडा थरथरला, पण लागला! जावयाचा ऊर भरून आला. "बघितलंत बाबा? चित्र दिसलं आणि आठवलं!" तो वर बघून कुजबुजला.

"गप्प बसा," वरून बायको म्हणाली.

राजपुत्र आईच्या पाया पडला. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सासूबाई गात होत्या, "आई, मला निरोप दे गं, जातो दूरच्या देशाला..." आणि पहिल्या रांगेतून एक चिरका आवाज आला:

"अरे, घरात तुरुंग!"

"मागे गज आहेत! गज!"

"खुर्चीवर दुष्ट राजा बसलाय! राजपुत्रा, मागे बघ!"

 जावयाने मान वाकडी करून कडेवरून डोकावलं. तांब्याची नगरी! झळझळीत तांबडी, गजांसकट!

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? काहीच केलं नसतं. पण याला वाटलं, भराभर फिरवून शेवटाला जाऊ, तिथे घर आहे. तो हँडलवर तुटून पडला! तांब्याची नगरी सुसाट गेली, वाळवंट भुर्रकन गेलं, मायलेकरं आपली जागच्या जागी उभी राहून गळाभेट घेतायत आणि मागून अख्खा भूगोल पळतोय!

"वाळूत आले!" पोरं ओरडली. "गेलं, वाळवंट गेलं! आता टाक्या! मोठ्या मोठ्या पाण्याच्या टाक्या!"

टाक्या? जावई घाम पुसत हँडल मारत होता. टाक्या कुठल्या? राक्षस आहेत ते! दोन महिने लागले नसतील, पण तीन रविवार लागले होते त्या राक्षसांना!

"समुद्र! बुडतायत! आई बुडाली!"

"अहो, काय चाललंय खाली?" वरून बायकोने पायाने त्याचा खांदा हलवला.

"उलटं झालं!"

"काय उलटं झालं?"

"जग!"

आणि तेवढ्यात हँडल अडलं. पुढे जाईना. घर राहिलं आत आणि कापड रुतलं समुद्रात. काय करतो बिचारा? उलट फिरवू लागला. ते मात्र गुळगुळीत फिरलं, तेल घातलं होतं ना! टाक्या, म्हणजे राक्षस, परत आले, वाळवंट परत आलं, आणि शेवटी खाडकन तांब्याची नगरी.

"परत तुरुंगात!" पोरांनी निकाल दिला.

डफ थांबला. गाणंही थांबलं.

 सासूबाई कापडाकडे तोंड करून बसल्या होत्या, डोळे बारीक केलेले, ओठ अर्धवट उघडे. फळीवर सासऱ्यांच्या हातातली दोरी थांबली. बायकोचा श्वास खाली ऐकू येत होता. जावयाला कळून चुकलं की संपलं. या बाईंचं गाणं दुखण्याने नेलं नव्हतं, ते आपण नेलं. आपल्या दोन हातांनी, तेल घालून! त्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण हँडलसकट आत जावं.

आणि डफावर थाप पडली.

"तू निघशील, मग पोचशील, लेका किती बघू वाट?
म्हणून मीच आले पुढे, पायी तुडवीत घाट!"

पोरांमध्ये एकच हशा! आई आधीच येऊन पोचली होती! नवऱ्याला सोडवायला मुलाची वाट न बघता स्वतःच चालत आली होती! वर फळीवर सासरे डोळे फाडून म्हणाले, "हे आपल्यात कुठे आहे?"

"कुठेच नाही, बाबा! झगे उलटा, झगे!" बायको ओरडली.

कारण सासूबाई थांबायला तयार नव्हत्या. तांब्याच्या नगरीचा राजा आला म्हणाल्या, तर राजा यायलाच हवा. घराण्याचा नियमच तो, गाण्यात आलं ते मंचावर आलं पाहिजे. काकाचा झगा घाईघाईत उलटला तो एकाच बाहीपुरता. अर्धा निळा, अर्धा लाल राजा खाली उतरला. पोरं ओरडली, "हा अर्धाच दुष्ट आहे!"

सासूबाईंनी तेही उचललं! अर्धाच दुष्ट असल्यामुळे त्या राजाला अर्ध्या गाण्यात आपली चूक उमगली. राजपुत्राच्या आईने त्याला असं काही खडसावलं की त्याने किल्ल्या स्वतःच काढून दिल्या. बंदीखाना उघडला, बाप बाहेर आला. एरवी दीड तासाने येणारा शेवट पहिल्या दहा मिनिटांतच आला! आता उरलं काय? घर गाठले सुखरूप, एवढी एक ओळ. आणि पुढ्यात अख्खं वाळवंट, राक्षसांचा मुलूख, समुद्र आणि शंभर पोरं.

सासूबाईंनी जावयाच्या बाजूला डफ हलवला. म्हणजे, फिरवा!

त्याने हळूच हँडल फिरवलं. "वाळवंट!" पोरं ओरडली. आणि सासूबाईंनी ती एक ओळ घेतली आणि ताणायला सुरुवात केली. नवरा-बायको इतक्या वर्षांनी भेटली होती, वाट लांबची होती, बायकोच्या मनात बोलायचं साचलं होतं. झालं!

"बारा वर्षं बंदीखानी, निरोप नाही धाडला!
राजा होता दुष्ट खरा, पण हात कुणी बांधला?"

"साखळदंडांनी!" वरून एक घोगरा आवाज आला.

सासरे! आयुष्यात ज्या माणसाने खेळ चालू असताना तोंड उघडलं नव्हतं, बाहुल्यावाल्याने बोलायचंच नसतं हा ज्याचा धर्म, ते सासरे न राहवून बोलले! पोरं गडाबडा लोळली. बापाच्या बाहुलीचे हात वर गेले आणि वरच राहिले.

मग काय विचारता! खालून सासूबाईंचा सवाल, वरून सासऱ्यांचा जवाब. वाळवंटात भांडण, पुढे पोरांनी "टाक्या!" म्हटल्याबरोबर सासूबाईंनी टाक्यांचा देश गायला घेतला. तिथे म्हणे पाणी इतकं की बापाने बारा वर्षांनी पहिल्यांदा तोंड धुतलं, आणि मग आईने त्याला नीट ओळखलं! जावयाच्या मनात कुठेतरी बारीकसं दुखलं. राक्षसांना टाक्या म्हणायचं काय कारण? पोरांचं सोडा, पण आईंनीही? बरोबर आहे, रागावल्या असतील. रागवायलाच हव्या. त्याने मुकाट्याने समुद्र फिरवला. अडलेली जागा त्याने गुडघा लावून ओलांडली. आणि मग, अगदी शेवटी, आतलं घर बाहेर आलं.

"घर!" पोरं ओरडली. शंभर पोरं एकदम. "घर आलं! घर आलं!"

तेव्हा सासूबाईंनी ती जुनी ओळ गायली, जशीच्या तशी, आईकडून आलेली. "घर गाठले सुखरूप." आवाज जराही थरथरला नाही. जावयाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि पुसायला गेला तर हाताला तेल!

खेळ संपल्यावर ग्रंथालयाच्या बाई धावत आल्या. "काय सुंदर कल्पना! परतीचा प्रवास! पुढच्या महिन्यात पुन्हा कराल ना?" सासूबाई म्हणाल्या, "करू." सासरे फळीवरून उतरले आणि सासूबाईंकडे बघून नुसते म्हणाले, "बारा वर्षं निरोप नाही काय!" आणि त्यांच्या हातातला डफ स्वतः उचलून घेतला. असं ते कधी करत नसत.

जावई मात्र कोपऱ्यात रूळ धरून उभा. सासूबाई त्याच्याजवळ आल्या. त्याने मान खाली घातली. "आई, माझं चुकलं. मी ते... म्हणजे सजावट..."

"सजावट?" सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या कानाला रंग लागल्या दिवशीच कळलं मला, काय चाललंय ते. म्हातारीला आठवायचं नाही, म्हणून चित्रं! होय ना?"

"होय," जावई म्हणाला.

"म्हणून तर चष्मा काढून ठेवला."

"काय?"

"पर्समध्ये. गायला बसायच्या आधी. चित्र बघून गायले असते, तर मला आठवलं की चित्राला आठवलं, हे मला कधी कळलं असतं का? मला काही दिसत नव्हतं हो. नुसता एक लाल ढग. पोरं ओरडत होती त्यावरून समजायचं, आता कुठे आलो."

 म्हणजे महिनाभर गुडघे झिजवून रंगवलेलं कापड, जिच्यासाठी रंगवलं तिने पाहिलंच नव्हतं!

सासूबाईंनी त्याचा तेलकट हात हातात घेतला. "पण एक सांगते, जावईबापू. सरळ गायले असते तर घरी जाऊन मनात म्हटलं असतं, पाठ होतं म्हणून आलं. पोपटालाही येतं. तुम्ही असा गोंधळ घातलात आणि तरी मी अडले नाही. एक ओळ तासभर ओढली मी! आता मला माहीत आहे, ते अजून माझ्यात आहे. हे तुमच्यामुळे कळलं. तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

 जावयाला म्हणायचं होतं की उपकार तुमचे आहेत, तुम्ही मला वाचवलंत. पण त्याआधीच बायको त्याच्या पाठीवर हात फिरवत स्वतःच रडायला लागली.

"बरं, आता दाखवा तरी," सासूबाईंनी पर्समधून चष्मा काढला. "एवढं रंगवलंत. बघू द्या की."

जावयाने आनंदाने कापड जमिनीवर पसरलं. सासूबाई घरापासून चालत निघाल्या. समुद्र पाहिला, मान डोलावली. पुढे गेल्या आणि थांबल्या. बराच वेळ वाकून पाहत राहिल्या.

"या टाक्या मात्र फार छान जमल्यात."

"आई," जावई अगदी हळू आवाजात म्हणाला, "ते राक्षस आहेत."

सासूबाईंनी पुन्हा एकदा पाहिलं. मग जावयाच्या तोंडाकडे पाहिलं. आणि चष्मा काढून, घडी घालून, पर्समध्ये ठेवत अगदी मायेने म्हणाल्या:

"हां! आता दिसतात राक्षस."